मुलीच्या खोलीत बुरशी: कपाटामागे काळे ठिपके, खिडकीखाली पोपडे

वळचण

डोंबिवली, सात मजली इमारतीत चौथा मजला, त्यामुळे गच्चीची गळती नाही. मुलीची खोली १० बाय ११, उंची साडेनऊ फूट. वय ५ (मुलीचं, इमारतीचं १२). खोलीत दोन ठिकाणी त्रास आहे.

एक, आमच्या बेडरूमला लागून असलेली आतली भिंत. तिथे फिक्स कपाट आहे. कपाटाच्या कडेने आणि टॉर्च मारून पाहिलं तर मागेही हिरवट-काळे ठिपके, साधारण दोन बाय चार फुटांचा पट्टा. रंग शाबूत आहे, फुगलेला नाही. आतल्या कपड्यांना कुबट वास.

दोन, पश्चिमेच्या स्लायडिंग खिडकीचा उजवा खालचा कोपरा. तिथे रंगाचे पोपडे, पांढरी भुकटी, तपकिरी डाग. बुरशी अशी थोडीच.

आमच्या खोलीत एसी रात्रभर २०-२१ वर असतो, तिच्या खोलीत फक्त पंखा. तिचं सर्दी-खोकल्याचं औषध चालू आहे, बालरोगतज्ज्ञांनी ओल काढा असं सांगितलं आहे. रंगारी म्हणतो अँटिफंगल रंगाचे दोन हात, तीन दिवसांत काम. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो बाहेरची सगळी भिंत करावी लागेल. सासूबाई म्हणतात चुना मारा. खरं कोणाचं? जुलैत नेमकं काय करता येईल?

चिरेबंदी

तिघांचंही अर्धं-अर्धं. तुमच्या वर्णनावरून ही दोन वेगळी दुखणी दिसतात, त्यामुळे दोन्हींवर एकच औषध चालणार नाही. पोपडे आणि पांढरी भुकटी (लोणा, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार) म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय. रंग शाबूत आणि वर ठिपके म्हणजे बहुधा खोलीतल्या हवेतलं पाणी गार भिंतीवर बसतंय. पण अंदाजावर पैसे घालू नका, आधी फॉइलची चाचणी करा.

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. एक फूट बाय एक फुटाचा तुकडा दोन्ही डागांवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद. भिंत ओली असेल तर पट्टी धरत नाही, म्हणून कडेची जागा आधी कोरड्या फडक्याने पुसा. ४८ तास ठेवा आणि त्या दोन्ही रात्री तुमचा एसी नेहमीसारखाच चालवा. मग बघा:

खोलीकडच्या बाजूला दव = हवेतलं पाणी.
भिंतीकडच्या बाजूला पाणी = मुरलेलं पाणी.

दोन्हीकडे असेल तर आधी गळती शोधायची.

आणखी एक. त्या आतल्या भिंतीतून एसीचा ड्रेन पाइप गेलाय का? नव्या इमारतींत तो गिलाव्यात गाडलेला असतो आणि सांध्यात गळला तर दिसतो हुबेहूब असाच. एसीच्या ट्रेमध्ये हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता, बाहेरच्या टोकाला जवळजवळ तेवढंच यायला हवं.

शिवाय एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर) घ्या. स्वस्तातले पाच-सात टक्के चुकतात. तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात पाण्याचे काही थेंब, इतकेच की मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत १२ तास. काटा ७५ वर यायला हवा. जेवढा फरक, तेवढा नंतर प्रत्येक वेळी धरायचा.

वळचण

धन्यवाद. निकाल: कपाटाच्या कडेला फॉइलवर बाहेरून दव, आतून कोरडी खडखडीत. खिडकीपाशी बरोबर उलट. त्या भिंतीत ड्रेन पाइप नाही, तो बाहेरच्या भिंतीतून गेलाय. मीटर (मिठाने तपासून) रात्री ८४ ते ८८.

दवबिंदू

म्हणजे कपाटामागची बुरशी तुमच्या एसीने पोसली आहे. मुंबई-ठाण्यात हे फार दिसतं आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतं, कारण एसी एका खोलीत आणि बुरशी दुसऱ्या खोलीत.

हिशेब बघा. मुलीच्या खोलीत २७-२८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता म्हणजे हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश. २५ पेक्षा गार अशा कशावरही पाणी धरणार. मधली भिंत चार इंची विटेची, पलीकडे २०-२१ अंश. उघड्या भिंतीला खोलीची हवा लागते, म्हणून ती थोडी कोमट राहते. कपाटामागे हवा फिरत नाही, कपडे आणि प्लाय रजईसारखं काम करतात, त्यामुळे तिथली भिंत २३ च्या आसपास उतरते. झालं. शिवाय बुरशीला पाणी दिसण्याइतकं लागतही नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता काही दिवस टिकली की पुरे.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: तुमचा एसी २६ वर आणि जोडीला पंखा. पण तेवढ्याने दव थांबेल, बुरशी नाही, कारण ८८ टक्क्यांच्या खोलीत भिंतीपाशी नव्वदच्या वरच राहणार. खोलीतली आर्द्रता ६० च्या खाली आणावीच लागेल.

इथे इंटरनेटवरचा सर्वांत आवडता सल्ला आडवा येतो: खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. थंड देशात तो बरोबर आहे. जुलैत डोंबिवलीत बाहेरची हवाच ८५-९० टक्के. खिडकी उघडून तुम्ही पाणी आत घेता. डिसेंबरात खुशाल उघडा.

डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी शोषून टाकीत जमा करणारं यंत्र) घ्या, कॉम्प्रेसरवाला, दिवसाला १० ते १२ लिटर क्षमतेचा. बहुतेकांवर लिहिलेली क्षमता ३० अंश आणि ८० टक्क्यांला मोजलेली असते, म्हणजे आपल्या पावसाळ्यात ती बऱ्यापैकी खरी ठरते. पाव-अर्धा लिटरवाले छोटे देखणे डबे (आत कॉम्प्रेसरऐवजी विजेने गार होणारी पेल्टिअर चकती असते) खोलीला अजिबात पुरत नाहीत. का ते बघा: तुमची खोली साधारण ३० घनमीटर. हवा ९० टक्क्यांवरून ५५ वर आणायला फक्त पाव लिटर पाणी काढावं लागतं. पण दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यांतून दोन तासांत खोलीभर हवा बदलते असं धरलं तरी दिवसाला तीन लिटर पाणी पुन्हा आत येतं. गादी, कपडे, भिंत यांतलं आणखी वेगळं. पहिल्या आठवड्यात टाकी सारखी भरली तर मशीन बिघडलंय असं समजू नका.

चालवताना खिडकी बंद, दार बंद, दाराखाली कापडी गुंडाळी. मुलगी शाळेत असताना आठ-दहा तास. वीज २०० ते २५० वॅट, म्हणजे रोज दोन-अडीच युनिट. खोली दोन-तीन अंशांनी तापते, म्हणून झोपायच्या अर्धा तास आधी बंद करा.

कोणी म्हणेल मुलीच्या खोलीतच दीड टनाचा एसी बसवा. नको. ११० चौरस फुटांना दीड टन जास्त होतो. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, आणि कॉइलवरचं पाणी पंखा परत खोलीत फेकतो. गार आणि दमट, हे बुरशीचं माहेर. बसवायचाच तर एक टनाचा इन्व्हर्टर.

आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालता का? मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी असतं. रेनकोट आणि दप्तरसुद्धा बाथरूममध्येच टांगा, एक्झॉस्ट चालू ठेवून.

आम्लपित्त

आता साफसफाई. ही नीट झाली नाही तर वरचं सगळं करूनही खोकला थांबणार नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे नुसती मारून भागत नाही, भिंतीवरून काढून घराबाहेर घालवावी लागते.

तुमचा पट्टा आठ चौरस फूट आहे. दहाच्या आत असेल तर घरी करता येतं, पलीकडे गेलं तर माणूस बोलवा. मुलीला दिवसभर दुसरीकडे पाठवा. दमा असलेल्या कोणीही हे काम करू नये. एन-९५ मास्क (कापडी किंवा सर्जिकल नाही), रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा. पंखा बंद, तुमच्या खोलीतला एसी बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि या एकाच दिवशी खिडकी उघडी.

१. खोली रिकामी. पडदे, चादरी, मऊ खेळणी जागच्या जागी पिशवीत बांधून बाहेर. कपाट सरकत नसेल तर मागचा प्लाय उघडावा लागेल, सुताराला त्याच दिवशी बोलवा. अर्धा पट्टा आत ठेवून साफ करणं म्हणजे निम्मं काम.

२. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. स्प्रेने भिंत आधी हलकी ओली करा. कोरडी घासलीत तर बीजाणू खोलीभर उडतील. केरसुणी आणि साधा व्हॅक्यूम क्लिनर याच कारणासाठी वर्ज्य, त्याच्या पिशवीतून ते मागून बाहेर येतात.

३. डागाच्या कडेपासून एक फूट पुढपर्यंत पुसा. फडक्याची एक बाजू एकदाच. घडी उलटा, मग पुढची. सगळी फडकी शेवटी कचऱ्यात, बांधून.

४. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के होतं. कोपऱ्यात आधी लावून पाहा, रंग उडू शकतो. फवारून दहा मिनिटं, मग पुसून घ्या. साध्या डिस्टेंपरवर हे सगळं केलंत तर रंगच हाताशी येईल. तिथे सरळ ओलं करून खरवडा.

५. शेवटी फरशी, खिडकीच्या पट्ट्या आणि पंख्याची पाती ओल्या फडक्याने. पाती सगळे विसरतात. तुमच्या एसीचा फिल्टरही धुवा.

ब्लीचबद्दल विचाराल म्हणून: टाइल्स आणि काचेवर चालतं, साधारण ६० मिली घरगुती ब्लीच एक लिटर पाण्यात, नंतर पाण्याने पुसून. गिलाव्यावर फारसा उपयोग नाही. क्लोरीन वरचा रंग घालवतो, भिंत पांढरी दिसते, पाणी तेवढं आत मुरतं आणि मुळं तशीच. तीन आठवड्यांनी ठिपके परत. आणि ब्लीच कधीही टॉयलेट क्लिनरच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. लहान, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर संगमरवर आणि कोट्याला चट्टे पाडतं, ते खिडकीच्या कट्ट्यापासून लांबच.

रंगावरून बुरशी ‘विषारी’ की नाही ते कळत नाही. लॅबमध्ये नमुना देण्यात पैसे घालवू नका. कोणतीही जात असली तरी काम हेच.

पारिजात

कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतील ना? वासही जातो.

आम्लपित्त

मुलांच्या कपाटात नकोत. नॅप्थलीनच्या वाफा कपड्यांत बसतात, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांत त्याने रक्तपेशी फुटतात, कावीळ होते. शिवाय त्या किड्यांसाठी असतात. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, दार बंद राहणाऱ्या कपाटात ते खरंच काम करतात. वरच्या फळीवर ठेवा: जमलेलं पाणी तीव्र खारट असतं, त्वचा आणि चामडं दोन्ही खातं. उघड्या खोलीत ठेवलात तर तो शोभेचाच.

तिरपा_पाऊस

खिडकीचा कोपरा राहिला. वॉटरप्रूफिंगवाल्याला अजून होकार देऊ नका. एकाच खालच्या कोपऱ्यात ओल असेल तर आधी खिडकी, मग भिंत.

स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दोन-तीन छोटी भोकं असतात, ट्रॅकमधलं पाणी जायला. धूळ, रंग, सिमेंट यांनी ती बुजतात. पश्चिमेचा वारा लागला की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून, नाहीतर फ्रेमच्या कोपऱ्याच्या सांध्यातून भिंतीत उतरतं. चाचणी: पाऊस नसताना ट्रॅकमध्ये हळूहळू एक लिटर पाणी ओता. बाहेर भराभर पडलं पाहिजे. साचून राहिलं तर पातळ तारेने भोकं मोकळी करा. बाहेर वाकून नव्हे, आतूनच. चौथा मजला आहे. आणि एक कळकळीची विनंती, गळती दिसली म्हणून ही भोकंच सिलिकॉनने बंद करू नका. कारागीर हे सर्रास करतात.

भोकं मोकळी असून कोपरा ओलाच राहिला तर फ्रेम आणि भिंत यांच्या मधली फट. तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लागतं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंट आणि संगमरवरावर टिकत नाही, वर्षभरात सोलून येतं. जुनं पूर्ण काढून, जागा कोरडी असतानाच भरायचं, म्हणजे दोन-तीन दिवस उघडीप मिळेल तेव्हा. बाहेरच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे का आणि कडेखाली पाणी तोडणारी खाच आहे का तेही पाहून ठेवा. खाच नसेल तर पाणी कट्ट्याच्या पोटाखालून भिंतीकडेच सरकतं.

बाहेरच्या गिलाव्याला तडे दिसले तर ते तुमचं एकट्याचं काम नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीकडे येते. फोटो लावून आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काम पावसाळ्यानंतरच होईल, पण तारीख जुलैची लागेल.

आतून आत्ता एवढंच: सुटलेले पोपडे काढा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा (मास्क लावून). पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून परत आत जातात. मग भिंत उघडी सोडा. पुट्टी नाही, प्रायमर नाही, आणि आतून मारायचं ‘डॅम्पप्रूफ’ तर अजिबात नाही. बाहेरून पाणी येत असताना आतून झाकण लावलं की ते बाजूला सरकतं, पुढच्या वर्षी पोपडे दोन फूट वर. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

ऑक्टोबरची उष्णता फुकटात भिंत सुकवते. नोव्हेंबरात फॉइल पुन्हा लावा. मागे कोरडं असेल तर पोकळ वाजणारा गिलावा एक फूट जास्तीचा तोडून विटेपर्यंत जा, १:४ सिमेंट-वाळूचा नवा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंग द्रव (बहुतेक डब्यांवर ५० किलोच्या गोणीला २०० मिली असं असतं), सात दिवस पाणी मारायचं, रंगाआधी २८ दिवस थांबायचं. मग अँटिफंगल वॉश, एक दिवस वाळवून प्रायमर, त्यावर बुरशीरोधक इमल्शन. तुमचा रंगारी चूक नाही, चार महिने आधी आलाय.

सासूबाईंचा चुनाही अगदीच टाकाऊ नाही. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण काही महिन्यांत ओसरतो, प्लॅस्टिक पेंटवर चुना बसत नाही, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या हातांना, डोळ्यांना लागणार.

कार्टूनचा वॉलपेपर डोक्यात असेल तर या दोन भिंतींवर नको. खळ बुरशीचं खाद्य, आणि वरचा विनाइल थर ओल कोंडतो.

ईसारकाठ

म्युनिकहून. दवबिंदूंनी लिहिलंय ते जर्मनी-इंग्लंडातल्या मराठी मंडळींनी उलटं वाचा. इथे हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि ९० टक्के असली तरी हवेत पाणी घनमीटरला जेमतेम ६ ग्रॅम. तीच हवा आत २० अंशांवर आली की ३५ टक्के. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं, मग बंद. तासन्‌तास तिरकी उघडी ठेवली की खिडकीभोवतीची भिंत गारठते आणि तिथेच बुरशी. मुलांची खोली रात्री १६ अंशांखाली जाऊ देऊ नका, कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. भाड्याचं घर असेल तर दिसल्या दिवशी घरमालकाला लेखी कळवा.

वळचण

एसी २६ वर आणला, ट्रॅकची तीनपैकी दोन भोकं पूर्ण बुजलेली निघाली. सुतार रविवारी येतोय. कपाटाचा मागचा प्लाय पुसून परत लावायचा की नवा? आणि खेळणी, गादी?

चिरेबंदी

प्लाय बहुधा ६ मिमीचा, भिंतीकडची बाजू कोरी असेल. पापुद्रे सुटले असतील किंवा वास येत असेल तर टाका. नवा आय.एस. ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), दोन्ही बाजूंनी लॅमिनेट आणि कापलेल्या कडाही सील केलेल्या. बसवताना भिंतीपासून दोन इंच जागा सोडायला लावा, खालच्या बंद पट्टीत आणि वर छताजवळ जाळी. खालून-वरून वाट नसेल तर मागचे दोन इंच फुकट. सुतार म्हणेल झुरळं शिरतील. बारीक जाळी लावायला सांगा.

मऊ खेळणी आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात, आणि त्याच दिवशी पूर्ण वाळतील एवढ्याच एका वेळी. आतला कापूस ओला राहिला तर न धुतलेली बरी. धुऊनही वास राहिला तर मुलगी झोपल्यावर निरोप द्या. आंघोळीची पिळायची रबरी खेळणी कापून आत बघा, बहुतेक काळी निघतील.

फोम किंवा काथ्याच्या गादीवर ठिपके असतील तर ती जाते, साफ होत नाही. कापसाची गादी पिंजून घ्यायचा मोह होईल. पिंजल्याने बुरशी निघत नाही, नुसती उडते. पलंग स्टोरेजवाला बॉक्सबेड असेल तर गादीखालच्या फळीला दर सहा इंचांवर एक इंची भोकं पाडून घ्या, रविवारी सुताराकडे ड्रिल असेलच.